सुरतेत बसून 'सुरतेची लूट' वाचताना

मागच्या पौषात एका संध्याकाळी आमची नात शाळेतून घरी आली ती काहीशी घुश्शातच. दप्तर खाली ठेवता ठेवता तिने विचारले, "आजोबा, शिवाजीमहाराजांनी सुरत लुटली, तेव्हा आपण कोणाच्या बाजूला होतो?" वर्गात कोणीतरी तिला म्हटले होते, "तमे लोकोए ज तो सुरत लूंट्युं हतुं." बोलणारे मूल लहान, ऐकणारे मूलही लहान, त्यात वैराचा लवलेश नव्हता. मधल्या सुट्टीतले भांडण दुसऱ्या दिवशी मिटलेही. परंतु नातीचा प्रश्न आमच्यापाशी राहिला.

'महाराजांच्या बाजूला' असे उत्तर आम्ही तत्काळ देऊ शकलो असतो. जिभेवर ते आलेही होते. पण तिच्या प्रश्नातील 'आपण' या शब्दाने आम्हांला थांबविले. तिचा जन्म सुरतेचा, तिच्या वडिलांचा सुरतेचा आणि आमचाही सुरतेचाच. तिच्या 'आपण'मध्ये बुऱ्हाणपुरी भागळ होती, चौक बाजारचा किल्ला होता, चांदनी पडव्याची घारी होती. आणि देवघराशेजारी लावलेली महाराजांची तसबीरही होती. यांपैकी कोणते वगळून उत्तर द्यावे?

इतिहासाची पुस्तके का वाचावीत, या प्रश्नाची ठरावीक उत्तरे आपण सर्वांनीच शालेय निबंधांतून लिहिली आहेत. पूर्वजांच्या पराक्रमाने स्फूर्ती मिळते, त्यांच्या चुकांपासून बोध मिळतो, वर्तमानाचा अर्थ कळतो, इत्यादी. ही उत्तरे खोटी आहेत असे आमचे म्हणणे नाही. मात्र आम्ही स्वतः जी पुस्तके वाचीत आलो, त्यामागचे कारण त्यांत सापडत नाही. आम्हांला इतिहासवाचनाची गोडी लागली ती एका फजितीतून, आणि त्या फजितीचा संबंध नातीच्या याच प्रश्नाशी होता. म्हणून ती हकीकत येथे सांगतो.

आमचे आजोबा बडोदे सरकारच्या चाकरीत नवसारी प्रांतात होते. पुढे त्यांनी सुरतेस नानपुऱ्यात बिऱ्हाड केले. या पत्रिकेच्या बहुतेक वाचकांच्या घरची कथा अशाच दोन-तीन वळणांची असेल. कोणी गायकवाडी नोकरीने इकडे आले; कोणी १९०० साली ताप्ती व्हॅली रेल्वेचा सुरत-अमळनेर मार्ग खुला झाल्यानंतर खानदेशातून आले; कोणी त्याहीनंतर मागांच्या व गिरण्यांच्या कामाने. येताना प्रत्येक घराने देव आणले, पितळेची भांडी आणली आणि थोडीफार पुस्तके आणली. आमच्या घरच्या पुस्तकांत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या 'मराठी रियासती'चे काही भाग होते. रात्रीची जेवणे आटोपली की वडील त्यांतील एखादे प्रकरण मोठ्याने वाचीत. परगावी राहणाऱ्या मराठी माणसाला ते वाचन म्हणजे गावाकडची एक फेरीच वाटे. विशेष असे की, हा ग्रंथराज महाराष्ट्रात नव्हे, तर गुजरातेत जन्मास आला. सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत सयाजीराव महाराजांच्या सेवेत बडोद्यास होते. राजकुमारांना इतिहास शिकविता शिकविता त्यांची टिपणे वाढत गेली आणि १८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत' प्रसिद्ध होऊन पुढील मालिकेचा पाया घातला गेला. वडील ही गोष्ट अभिमानाने सांगत. जणू सरदेसाई आमच्या आजोबांचे कचेरीतले सहकारीच!

या वातावरणात वाढलेल्या मुलाने वक्तृत्वाचा नाद धरला नसता तरच नवल. महाविद्यालयात असताना आपल्या मंडळींनी शिवजयंतीच्या उत्सवात आम्हांला बोलण्याची संधी दिली. विषय आम्हीच निवडला: 'सुरतेची लूट'. भाषण अर्थातच जोरदार झाले. मोगल सत्तेचे नाक कसे कापले, गर्भश्रीमंत सावकारांच्या तिजोऱ्या कशा फुटल्या, इनायतखान किल्ल्यात कसा दडून बसला, याचे वर्णन करताना आमचा आवाज टिपेला पोहोचला. टाळ्या पडल्या. तेव्हा कुठे आमची नजर पहिल्या रांगेकडे गेली. तेथे शेजारचे सुरती काका बसले होते. पिढ्यान्पिढ्या गोपीपुऱ्यात राहिलेले हे घराणे. काका पुढे आमच्या शेजारी राहावयास आले होते. वडिलांनी त्यांना अगत्याने बोलाविले होते. थंडीत पोंक आला की पहिली वाटी आमच्या घरी पाठविणारे, आमच्या आईच्या आजारपणात रात्रभर बसलेले हे काका इतरांबरोबर टाळ्या वाजवीत होते.

आम्हांला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या ओट्यावर आले. हातात एक जुने, पाठ सुटलेले गुजराती पुस्तक होते. "भाषण सारुं हतुं, दीकरा. हवे आ पण वांची जोजे," एवढेच ते बोलले आणि पुस्तक ठेवून गेले. रागाचा, टोमण्याचा एक शब्दही त्यात नव्हता. ते पुस्तक कवी नर्मदाशंकर, म्हणजे आपल्या सर्वांचा नर्मद, यांनी १८६५ च्या सुमारास लिहिलेली 'सुरतनी मुखतेसर हकीकत' होते.

बोलायचे गुजराती आम्हांला उत्तम येत होते. वाचण्याची मात्र सवय दुकानांच्या पाट्यांपुरती होती. त्यामुळे पहिली काही पाने अडखळतच गेली. हळूहळू एक नवीनच गोष्ट ध्यानात येऊ लागली. आजवर आम्ही वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात सुरत हे एक ठिकाण होते. राजगडाहून कोणी निघतो, तेथे पोहोचतो, कार्य साधतो आणि परत जातो. ठिकाणाचे पुढे काय होते याच्याशी कथेला कर्तव्य नसते. नर्मदच्या पुस्तकात येणारे-जाणारे पुष्कळ होते. मात्र राहणारे एकच, ते म्हणजे शहर. लूट होते, आग लागते, तापीला पूर येतो, नवाब बदलतो, टोपीकर येतात. आणि शहर प्रत्येक वेळी राख झटकून पुन्हा बाजार मांडते. आम्ही ज्या गल्ल्यांतून रोज सायकलीवरून जात होतो, त्या गल्ल्यांना भूतकाळ आहे आणि तो आमच्या भाषणात कोठेच नव्हता, हे तेव्हा प्रथम जाणवले.

तेव्हापासून आम्ही या एका प्रसंगाची जी जी पुस्तके मिळतील ती वाचीत आलो. आमची तयारी केवळ वाचकाची; संशोधक म्हणविण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु एकाच पाच-सहा दिवसांची हकीकत पाच ठिकाणांहून वाचण्यात जे सुख आहे, ते एकाच ठिकाणाहून पन्नास प्रसंग वाचण्यात नाही, असे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

मंगळवार, ५ जानेवारी १६६४ रोजी सकाळी शहरात बातमी पसरली की, मराठ्यांची फौज गणदेवीपर्यंत आली आहे. बुधवारी महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत पडला. रविवारी, १० तारखेस, मोगल फौज येत असल्याचे कळताच ते निघून गेले. या तारखा इंग्रज वखारीच्या कागदांतल्या आहेत. डच वखारीचे कागद उघडले की हेच दिवस दहा तारखा पुढे सरकलेले दिसतात! आम्ही प्रथम गोंधळलो. मग कळले की, इंग्रज १७५२ पर्यंत जुनेच पंचांग धरून बसले होते आणि डच नव्या पंचांगाने चालत होते. तापीच्या एकाच काठावर, थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या दोन वखारींत एकाच दिवसाच्या दोन तारखा लिहिल्या जात होत्या. आणि आमच्या लोकांच्या लेखी तो सरळ पौष महिना होता. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या म्हणजे त्यांतले एक खोटेच असले पाहिजे असे नाही, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो. पुढे तारखांहून मोठ्या गोष्टींतही तो उपयोगी पडला.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली. तिच्यात बहिरजी जाधव जासूद बातमी आणतो की, सुरत मारल्यास अगणित द्रव्य हाती लागेल. बखरकाराची दृष्टी मोहिमेच्या धाडसावर, हाती आलेल्या द्रव्यावर आणि स्वामिकार्यावर आहे. ती राज्याच्या दरबारात बसून लिहिलेली आहे आणि ते ती लपवीत नाही.

इंग्रज वखारीचा पाद्री लेस्कालियट याने त्याच महिन्यात विलायतेतील सर थॉमस ब्राऊन या विद्वान वैद्याला पत्र लिहिले. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज व्यापारी तर मराठ्यांच्या हाती सापडून काही दिवस प्रत्यक्ष छावणीतच होता. त्याची हकीकतही वखारीच्या कागदांत उतरली. धन दाखवीत नाहीत म्हणून लोकांचे हात तोडल्याचे या दोघांच्याही लिहिण्यात येते. शहराचा मोठा भाग जळाला. अनेक रात्री आगीचा उजेड दिसत राहिला. वीरजी व्होरा, ज्याच्या श्रीमंतीची कीर्ती साऱ्या व्यापारी जगात होती, त्याचा वाडा धुऊन निघाला. आम्ही व्यासपीठावरून ज्या 'तिजोऱ्या' फोडल्या होत्या, त्यांच्यामागे माणसे होती, हे या पानांवर आम्हांला दिसले.

ही पाने वाचून प्रथम आमच्या मनाला फार त्रास झाला. काही दिवस आम्ही ती पुस्तके उघडलीच नाहीत. 'परक्यांनी लिहिलेले, त्यांचा काय भरवसा' असे म्हणून मोकळे होण्याचा मोहही झाला. इंग्रजांचा स्वार्थ होता, ही गोष्ट खरीच आहे. आपल्या शौर्याचा गवगवा मालकांपुढे करावयाचा म्हणून त्यांनी संकट वाढवून लिहिले असणे शक्य आहे. परंतु आम्हांला सोयीची असलेली साक्ष जर आम्ही त्याच कागदांतून उचलणार असू, तर गैरसोयीची साक्ष तेवढी परकी कशी ठरेल?

आणि सोयीच्या साक्षी त्याच कागदांत भरपूर आहेत. इंग्रजांचे वा व्यापाऱ्यांचे व्यक्तिशः वाईट करण्यास आपण आलो नसून, आपला मुलूख तुडवून आप्तांना मारणाऱ्या औरंगजेबाचा सूड घेण्यास आलो आहोत, हे महाराजांचे म्हणणे इंग्रजांनीच नोंदविले आहे. फ्रेंच वैद्य बर्निए लिहितो की, फादर अँब्रोज या कॅपुचिन पाद्र्याच्या मठाला महाराजांनी हात लावला नाही. आणि डचांच्या एका मृत दलालाचे घरही, तो हयातीत मोठा दानशूर होता असे कळल्यावरून, त्यांनी वाचविले. तहाची बोलणी करण्याच्या मिषाने इनायतखानाने पाठविलेल्या माणसाने छावणीत महाराजांवर खंजीर उगारला, तेव्हा उसळलेल्या कत्तलीस महाराजांनी आवर घातला, हेही तेथेच आढळते.

मग शहराचा गुन्हेगार कोण? जदुनाथ सरकार यांनी या साऱ्या कागदांचा मेळ घालून जी हकीकत लिहिली, तिच्यात या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर आहे. इनायतखान पाचशे माणसांचा पगार सरकारातून उचलीत होता आणि तेवढी माणसे ठेवीत नव्हता. शहराला धड तट नव्हता. खान किल्ल्यात गेला. किल्ल्याच्या तोफांनी मराठ्यांपेक्षा शहराचीच हानी अधिक केली. मराठे निघून गेल्यावर तो बाहेर पडला, तेव्हा सुरतेच्या लोकांनी त्याची छीथू केली. जगातील एका मोठ्या बंदराच्या रक्षणाचे पैसे खाल्ले गेले होते आणि त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांना हे पक्के ठाऊक होते. आमच्या भाषणात इनायतखान हा केवळ भित्रा खलनायक होता. सरकारांच्या पुस्तकात तो ओळखीचा निघाला. असे अधिकारी पाहण्यासाठी सतराव्या शतकात जाण्याची गरज नाही.

दुसऱ्या बाजूने, या मोहिमेआधीची तीन वर्षे वाचली नाहीत तर तिचा अर्थच लागत नाही. १६६० पासून शायिस्ताखान पुण्यात ठाण मांडून होता. त्याच्या फौजेने पुणे प्रांतातील शेती, गावे, गुरेढोरे यांची जी नासाडी केली, तिची नोंद ठेवणारा लेस्कालियट मावळात नव्हता. कुणबी पत्रे लिहीत नाही, व्यापारी लिहितो. म्हणून सुरतेचे दुःख कागदावर राहिले आणि मावळातले दुःख फारसे उरले नाही. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावरचा छापा झाला आणि अवघ्या नऊ महिन्यांनी सुरत. पुढे १६७० च्या ऑक्टोबरात महाराज दुसऱ्यांदा आले आणि १६७२ साली मोरोपंतांच्या हाताने चौथाईची मागणी आली. तुमच्या बादशहामुळे मला फौज बाळगावी लागते, तेव्हा तिचा खर्च त्याच्या रयतेने सोसावा, असा त्या मागणीमागचा युक्तिवाद होता. सुरतेच्या सावकाराला तो पटला नसेल. पण एकदा वाचल्यावर 'लूट' हा शब्द पूर्वीइतक्या सहजपणे आमच्या तोंडून निघेनासा झाला. ना अभिमानाने, ना शरमेने.

येथे ऐतिहासिक कादंबरीचे रसिक आम्हांला विचारतील की, एवढी यातायात कशासाठी? 'श्रीमान योगी'सारखी कादंबरी हातात घ्यावी आणि महाराजांचे दर्शन घ्यावे. कादंबरीचे आमच्यावरही ऋण आहे. तिने पिढ्यांना इतिहासाच्या दारापर्यंत आणले. पण कादंबरीकार आपल्याला एका मनात नेऊन बसवितो आणि शेवटपर्यंत तेथून उठू देत नाही. इतिहासाचे पुस्तक, ते चांगले असेल तर, आपल्याला उठवते. 'हे अमुक म्हणतो, पण तमुक असे म्हणतो' या रूक्ष वाटणाऱ्या वाक्यात एक जागा रिकामी सोडलेली असते आणि तेथे वाचकाने स्वतः बसून निवाडा करावयाचा असतो. आम्हांला तरी या निवाड्याचाच चटका लागला.

आणि निवाडा एकदा केला म्हणजे कायमचा होतो असेही नाही. सुरतेचा ऱ्हास मराठ्यांच्या लुटींनी झाला, असे आम्ही कित्येक वर्षे धरून चाललो होतो; आमच्या सुरती काकांचेही तेच मत होते. पुढे अशीन दासगुप्ता यांचा सुरतेच्या व्यापाऱ्यांवरील १९७९ सालचा इंग्रजी ग्रंथ वाचनात आला. दासगुप्तांनी दाखविले आहे की, १७०० च्या सुमारास, म्हणजे दोन्ही स्वाऱ्यांनंतर तीस वर्षांनी, सुरतेचा व्यापार भरभराटीच्या शिखरावर होता. मुल्ला अब्दुल गफूरसारख्या जहाजमालकाचे तांडे तांबड्या समुद्रापर्यंत जात होते. खरी उतरण लागली ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. मोगल, इराणचे सफवी आणि तुर्की या तीन साम्राज्यांची घडी एकाच सुमारास विसकटू लागली आणि तिच्यावर उभा असलेला व्यापार खचत गेला. त्यात मुंबईची भर पडली. इंग्रज कंपनीने तर आपले मुख्य ठाणे १६८७ मध्येच तिकडे हलविले होते. मराठ्यांच्या स्वाऱ्या त्या असुरक्षिततेचा एक भाग होत्या, पण सुरत काही पाच दिवसांत मेली नव्हती. आमचा 'आम्ही सुरत बुडविली' हा गर्व आणि शेजाऱ्याचे 'तुम्ही सुरत बुडविली' हे गाऱ्हाणे, ही दोन्ही एकाच पुस्तकाने निकालात काढली. काका तेव्हा हयात नव्हते. त्यांना हे वाचून दाखवावयास हवे होते, ही रुखरुख आम्हांला अजून आहे.

मराठी माणसाला इतिहासाची चाड फार आहे, पण चिकित्सा सोसत नाही, असा आरोप अधूनमधून ऐकू येतो. आमच्या परंपरेत चिकित्सा कमी नव्हती, हे या निमित्ताने नव्या पिढीला सांगितले पाहिजे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला. साहेबाचे लिहिणे म्हणून सर्वांनी मान तुकविली असती. परंतु १८६७ मध्ये नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्यातील उणिवा दाखविण्याचे धाडस केले. घोषणा न देता मुद्दे मांडून केलेली ती टीका होती. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे शोधीत राहिले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड निघू लागले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. बडोद्याचे सरदेसाई आणि बंगालचे जदुनाथ सरकार यांची तर जन्माची मैत्री. सरकारांनी मराठी शिकून मराठी साधने वाचली. त्यांची मते पुण्याच्या पंडितांना मानवली नाहीत, वादही झडले. पण वाद कागदांवरून झाले. आपल्या वडीलधाऱ्यांनी हा वारसा ठेवला असता आपण मात्र त्यातले फक्त पोवाड्याचे कडवे तेवढे उचलावे, हे बरे नव्हे.

२००६ च्या ऑगस्टात तापीचा जो पूर आला, तो येथील कोणीही विसरणार नाही. आम्ही तोवर अडाजणला राहावयास गेलो होतो. तळमजल्यावरची पुस्तके पाण्यात गेली. चिखल उपसताना 'रियासती'चे भाग लगद्यासारखे हातात आले. वडिलांनी समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा त्यांबरोबर गेल्या. काकांचे गुजराती पुस्तक वरच्या फळीवर होते म्हणून भिजले तेवढे, पण टिकले. गच्चीवर उन्हात घालून ते वाळविले. पाने फुगली, शाई मात्र राहिली. ते परत करावयाचे राहूनच गेले होते. पुढे काकांच्या मुलाकडे आम्ही ते घेऊन गेलो, तेव्हा तो म्हणाला, "तमारे घेर ज राखो. त्यां वंचाय छे."

नातीच्या प्रश्नाकडे परत येतो. त्या संध्याकाळी आम्ही तिला उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी तिला बरोबर घेऊन कतारगाम दरवाजाकडील इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात गेलो. १६६४ साली वखार लढविणारा सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये येथेच वारला. त्याची व त्याच्या भावाची घुमटाची कबर एखाद्या मोगल सरदाराला शोभावी अशी आहे. तेथून मुघलसराईत गेलो. शहाजहानच्या काळात, १६४४ साली, हज यात्रेकरूंसाठी बांधलेल्या त्या इमारतीत आता महानगरपालिकेची कचेरी आहे. मग चौकातला किल्ला पाहिला, ज्यात इनायतखान जाऊन बसला होता. शेवटी बुऱ्हाणपुरी भागळीत उभे राहून तिला सांगितले, "महाराजांची छावणी या वेशीच्या बाहेर होती, आणि आतमध्ये ज्यांची घरे होती त्यांनाही नावे होती."

घरी आल्यावर तिला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे वाचून दाखविले. मावळातल्या जळालेल्या गावांविषयी सांगितले, सुरतेतल्या जळालेल्या घरांविषयी सांगितले, पगार खाणाऱ्या खानाविषयी सांगितले, आणि परक्या धर्माच्या पाद्र्याला व दानशूर दलालाच्या घराला दिलेल्या अभयाविषयीही सांगितले. तिने सारे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, "पण आपण कुठे होतो?" आम्ही म्हटले, "त्या दिवशी आपले पूर्वज बहुधा कुठल्या तरी खेड्यात नांगर धरून होते. ना लुटीत, ना लुटलेल्यांत. महाराज आपले आहेत, त्यांच्यामुळे आपण ताठ मानेने उभे आहोत. सुरतही आपली आहे, कारण तिने आपल्याला पोसले. तेव्हा दोघांचीही हकीकत पुरती ऐकून घेणे एवढे काम आपल्याकडे आले आहे." तिचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. दोन दिवसांनी ती कपाटातून ते फुगलेले गुजराती पुस्तक काढून बसलेली दिसली. गुजराती लिपी तिला आमच्यापेक्षा सफाईने वाचता येते. नर्मदची जुनी भाषा तेवढी अडते, आणि ती विचारावयास आमच्याकडेच यावे लागते.

आपल्या साहित्यमंडळाच्या सभासदांना एकच विनंती करून लेखणी थांबवितो. आपल्या घरोघरी, पुराने वा वाळवीने राखले असतील तेवढे, मराठी इतिहासग्रंथ आहेत. ते मुलांच्या हाताला येतील अशा फळीवर ठेवावेत. आणि त्याच फळीवर या शहराच्या इतिहासाचे निदान एक गुजराती पुस्तक शेजारी ठेवावे. शिवजयंतीला भाषण करणाऱ्या आपल्या तरुणांना, व्यासपीठावर चढण्यापूर्वी, ती दोन्ही वाचावयास सांगावीत. भाषण कदाचित थोडे लांबेल आणि आवाज थोडा खाली येईल. पहिल्या रांगेत शेजारचे कोणी काका बसले असतील, तर त्यांच्याकडे पाहून ते बोलता येईल.